डाख देण्याची विद्या
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून पुष्कळजणींनी एकमेकींकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही. 'सोल्डरिंग' हा शब्द पाहून एका वहिनींनी मला जिन्यातच विचारले, "ते वेल्डिंग म्हणतात तेच का हो?" तेच नव्हे. वेल्डिंगमध्ये जोडावयाच्या दोन्ही वस्तू वितळवून एकजीव करतात. सोल्डरिंगमध्ये जोडावयाच्या वस्तू जशाच्या तशा राहतात आणि तिसराच एखादा मऊ धातू वितळून त्यांच्या फटीत शिरतो व थिजतो. याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, डाख. घागरीच्या बुडाला बारीक भोक पडले की तांबट डाख देतो. साखळीची तुटलेली कडी सोनार झाळतो. रेडिओ दुरुस्त करणारा तारेला सोल्डर करतो. तिघांचे धातू वेगळे, उष्णता वेगळी, पण विद्या एकच.

आपण सगळ्याजणी सोनाराच्या दुकानात 'के.डी.एम.' हा शब्द ऐकत आलो. तोही डाखाचाच प्रकार होय. पूर्वी दागिना झाळण्यासाठी सोन्यात तांबे व चांदी मिसळत, त्यामुळे जोडाच्या जागी कस उतरत असे. पुढे कॅडमियम नावाचा धातू मिसळू लागले. त्याने कस फारसा उतरत नसे, परंतु त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. म्हणून हॉलमार्कच्या नियमांत कॅडमियमला जागा नाही. सांगावयाचा मुद्दा हा की, डाख ही काही परकी गोष्ट नव्हे. ती आपल्या गळ्यात आणि हातात रोजच असते.

मी सातवीपर्यंत शिकलेली आहे. हे एवढ्यासाठी सांगते की, विजेच्या बारीक उपकरणांचे काम म्हणजे इंजिनियरांचे काम, अशी आपली ठाम समजूत असते. घरातील पुरुषमंडळींचीही तीच असते, आणि ती त्यांना सोयीची असते. माझा भाचा पॉलिटेक्निकला असताना सुटीत आमच्याकडे राहिला, तेव्हा त्याच्या शेजारी बसून मी हे काम प्रथम पाहिले. पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. तो जे पुस्तकातून शिकून आला होता, त्यातले निम्मे मला कल्हईमुळे ठाऊक होते.

कल्हईवाला दारात येत असे तेव्हाचे आठवून पाहा. भंडाऱ्याची पितळेची भांडी आपल्याकडे घरोघर असत. त्यांत आंबट शिजवावयाचे तर आतून कल्हई हवीच. तो भात्याने विस्तव फुलवी, गंज चांगला तापवी, मग त्यात नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर निघे. त्यानंतर कथलाची कांडी टेकवताच कथील वितळून पाण्यासारखे पसरे आणि कापसाच्या बोळ्याने तो ते सगळीकडे फिरवी. यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, तो गंज तापवीत असे, कथील नव्हे. भांडे तापलेले असले की कथील आपोआप पसरते आणि तांब्यापितळेला धरते. भांडे थंड असेल तर वरून कितीही वितळलेले कथील ओता, त्याची गोळी होऊन घरंगळेल. दुसरी गोष्ट नवसागराची. तापलेल्या धातूवर हवेने एक पातळ पापुद्रा धरतो, त्या पापुद्र्यावर कथील बसत नाही. नवसागर तो पापुद्रा खातो आणि खालचा स्वच्छ धातू उघडा करतो.

सोल्डरिंगमध्ये यापलीकडे तत्त्व म्हणून फारसे काही नाही. भट्टीच्या जागी पेन्सिलीएवढे विजेवर तापणारे सोल्डरिंग आयर्न असते, गंजाच्या जागी तारेचे टोक, आणि नवसागराच्या जागी पाइन झाडाच्या चिकाची राळ. तिला दुकानात फ्लक्स म्हणतात. डाखाची तार मिळते ती आतून पोकळ असून तिच्यात ही राळ भरलेली असते, करंजीत सारण असावे तशी. नवसागर किंवा तेजाबाचा फ्लक्स मात्र या कामाला कधीही वापरू नये. भांडे आपण धुऊन टाकतो. बारीक तारांच्या जाळ्यात तो उरला की महिन्या-दोन महिन्यांत तार खाऊन टाकतो.

आता उष्णतेविषयी थोडे. शुद्ध कथील २३२ अंशांवर वितळते. म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर राहिले की कल्हई उतरते. शिसे ३२७ अंशांवर वितळते. पण गंमत अशी की, ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले तर ते मिश्रण १८३ अंशांवरच वितळते, म्हणजे दोघांहूनही लवकर. पुऱ्या तळावयाचे तेल साधारण तितकेच तापलेले असते. जुन्या कारागिरांचा डाख या मिश्रणाच्या आसपासचा असे. आयर्नचे टोक मात्र ३५० अंशांपर्यंत तापलेले लागते, कारण टोकातील उष्णता क्षणात जोडात उतरावयाची असते. तवा मंद असला की पोळी वाळते, फुगत नाही, तसेच हे. गार आयर्न बराच वेळ टेकवून ठेवण्यापेक्षा चांगले तापलेले दोन-तीन सेकंद टेकवणे केव्हाही बरे.

सामान सीताबर्डीच्या मोदी गल्ल्यांत मिळते. पंचवीस वॉटचे साधे आयर्न पुरे. ते तीनशे रुपयांच्या आत येते. त्याला बसवण्याची तारेची घोडी आवर्जून घ्यावी, कारण तापलेले आणि थंड आयर्न दिसावयास अगदी सारखेच असते. डाखाची तार पाऊण ते एक मिलिमीटर जाडीची असावी. जवळ एक ओला स्पंज ठेवावा. दुकानदार प्रथम "साहेबांना पाठवा" म्हणतो. पाठवू नये.

आयर्न आणल्यावर पहिल्या तापवणीतच त्याच्या टोकाला कल्हई करावयाची असते. म्हणजे टोक तापू लागताच त्यावर डाखाची तार फिरवून ते रुपेरी करून घ्यावयाचे. एरवी ते तव्याच्या बुडासारखे काळे पडते आणि मग कितीही तापले तरी उष्णता देत नाही. काम संपल्यावरही टोकावर थोडा डाख राहू द्यावा, पुसून कोरडे ठेवू नये. टोक साध्या तांब्याचे असेल तर काळे पडल्यावर कानशीने घासता येते. मुलाम्याचे असेल तर घासू नये, मुलामा गेला की टोक कामातून गेले.

प्रत्यक्ष जोड असा देतात. तारेचे टोक आणि ती जिथे बसवावयाची ते तांब्याचे वर्तुळ, या दोघांना एकाच वेळी आयर्नचे टोक टेकवावे. मनात एक-दोन म्हणावे. मग डाखाची तार आयर्नला न लावता पलीकडच्या बाजूने जोडाला लावावी. जोड तापलेला असेल तर ती लोण्यासारखी आत ओढली जाते. पुरेशी गेली की आधी तार काढावी, नंतर आयर्न, आणि डाख थिजेपर्यंत काहीही हलू देऊ नये. फुंकर घालण्याचा मोह फार होतो, तोही आवरावा. चांगला जोड देवळाच्या शिखरासारखा उतरता दिसतो, कडेने पातळ होत गेलेला. वाईट जोड मण्यासारखा गोल बसतो. तो नुसता वर टेकलेला असतो, धरलेला नसतो. याला 'थंड जोड' म्हणतात. त्यातून कधी वीज जाते, कधी जात नाही, आणि थापटी मारल्यावर चालू होणारी निम्मी उपकरणे याच दुखण्याची असतात.

सरावाला एकदम उपकरण घेऊ नये. रांगोळी शिकताना आपण आधी ठिपके काढतो. तांब्याच्या उघड्या तारेचे बोटभर लांबीचे बारा तुकडे कापून त्यांचा एक चौकोनी ठोकळा जोडावा. आठ कोपरे होतात. पहिला कोपरा आणि आठवा कोपरा शेजारी ठेवून पाहिले की आपली प्रगती कोणी सांगावी लागत नाही. दुसरा सराव उलटा, म्हणजे डाख काढण्याचा. बिघडलेल्या रिमोटमधली किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यातली पाटी घ्यावी. जोडावर तांब्याची विणलेली पट्टी ठेवून वरून आयर्न टेकवले की वितळलेला डाख पट्टीत चढतो, समईच्या वातीत तेल चढते तसा. हे पाहावयास मला अजूनही आवडते.

यानंतर पहिला दिवा करावा. नऊ व्होल्टची बॅटरी, एक बटन, एक छोटा एल.ई.डी. दिवा आणि एक रोधक, एवढेच लागते. रोधक म्हणजे वीज बेताने सोडणारा तुकडा. तो नसला तर दिवा तत्काळ जळतो. नऊ व्होल्टवर एका दिव्याला ४७० ओहमचा रोधक ठीक पडतो. हा आकडा त्यावर लिहिलेला नसतो, रंगीत पट्ट्यांनी दाखवलेला असतो. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. साडीचे काठ लांबून ओळखणाऱ्या बायकांना हे रंग पाठ व्हावयास दोन दुपारी पुष्कळ होतात. दिव्याचा लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूकडे, आखूड पाय उण्याकडे. मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या मखरात मी असे नऊ दिवे लावले होते. आपल्यापैकी ज्या हळदीकुंकवाला आल्या होत्या त्यांनी ते पाहिले आहेत.

दुरुस्तीचे एक उदाहरण सांगते. माझ्या सासूबाईंची दृष्टी मंदावलेली आहे. सकाळी उठल्यापासून रेडिओ हाच त्यांचा सोबती. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, आणि त्यांचे लहानपणापासूनचे कान त्यावरच वाढलेले. त्यांचा रेडिओ मध्येच बंद पडू लागला. दुकानात नेला, तर तेथे न उघडताच सांगितले की, आता हे कोणी दुरुस्त करत नाही, नवा घ्या. नवा घेण्यास हरकत नव्हती, पण सासूबाईंना त्या रेडिओची बटणे बोटांनी ओळखीची झालेली. नव्याची त्या कशी शिकणार? घरी सेल काढून तो उघडला आणि भिंगाने पाटीवरचा एकेक जोड पाहत गेले. सेलच्या पत्र्याची तार जिथे पाटीला मिळते, त्या जोडाभोवती केसाएवढी गोल चीर होती. रेडिओ रोज हलून हलून ती पडली असणार. जुना डाख पट्टीने काढून घेतला, तार खरवडून स्वच्छ केली, नवा डाख दिला. काम पाच मिनिटांचे. शोधण्यास मात्र दोन दुपारी गेल्या. सासूबाईंनी रेडिओ हातात घेऊन प्रथम बटणे चाचपून पाहिली आणि मग लावला. त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, पण शेजारच्या काकूंना मात्र दिवसभर सांगत होत्या.

आता शिशाविषयी. हे मी मनापासून सांगते आहे, तेव्हा कृपा करून लक्ष द्यावे. नेहमीच्या डाखात शिसे असते, आणि शिसे हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले, त्याचे कारण तेच. डाख देताना जो धूर दिसतो तो शिशाचा नसून राळेचा असतो. तोही वाईटच, दम्याच्या माणसाने त्यापासून दूर राहावे. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. डाखाची तार चिमटीत धरली आणि त्याच हाताने बाळाला घास भरवला, की झाले. म्हणून हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर मुळीच करू नये. वेगळी पाटी, वेगळे फडके, आणि काम झाल्यावर साबणाने हात. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने शिशाचा डाख हातात धरू नये. आणि रेडिओच्या डाखाने स्वयंपाकाचे भांडे कधीही सांधू नये. कल्हईवाल्यालाही शुद्ध कथील आहे ना, हे विचारून घ्यावे. स्वस्त कथलात शिशाची भेसळ असू शकते.

याला उपाय निघालेला आहे. युरोपात १ जुलै २००६ पासून बाजारात येणाऱ्या बहुतेक नव्या विजेच्या उपकरणांत शिशावर मर्यादा घातली गेली. आपल्याकडेही २०११ सालच्या ई-कचऱ्याच्या नियमांत तशी मर्यादा आली. त्यामुळे शिसे नसलेला डाख आता सहज मिळतो. त्यात जवळजवळ सगळे कथीलच असते आणि नावापुरते तांबे. तो २२७ अंशांवर वितळतो, थोडा हट्टी आहे, पटकन पसरत नाही, आणि थिजल्यावर चकाकतही नाही. काही कारागीर त्याला नावे ठेवतात. जिथे पोरेबाळे वावरतात त्या घरात मात्र तोच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चकाकी नसली तर नसू दे.

आणखी काही गोष्टींना हातच लावू नये. भिंतीच्या विजेवर चालणारी वस्तू उघडावयाची नाही, निदान पहिले वर्षभर तरी. मायक्रोवेव्ह भट्टी आणि जुना पेटीचा टीव्ही यांत वायर काढून ठेवल्यावरही जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहू शकते. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू नये, तिला आयर्न लावू नये. आणि आपला नागपूरचा कूलर! पाणी, पत्रा आणि वीज एकाच ठिकाणी. उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो. त्याची वायर सुटली तर ती जाणत्या माणसाकडूनच लावून घ्यावी. आपली विद्या सेलवर चालणाऱ्या वस्तूंपुरती ठेवली तरी घरात कामांची कमतरता नाही. टॉर्च, रिमोट, भिंतीवरचे घड्याळ, मुलांची खेळणी, एवढ्यानेच दुपारी भरतात.

बायकांना हे जमेल का, असे कोणी म्हणेल तर त्याला राजस्थानात पाठवावे. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया या गावी बंकर रॉय यांनी १९७२ साली एक संस्था सुरू केली. तेथे खेड्यांतल्या बायका, त्यांत कित्येक आज्या, सौर दिव्यांच्या पाट्या जोडण्यास शिकल्या. आफ्रिकेतील देशांमधूनही बायका येऊन सहा-सहा महिने राहून शिकून गेल्या. कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. शिकणे चालले ते खुणांनी आणि रंगांनी, त्याच रोधकावरच्या पिवळ्या-जांभळ्या पट्ट्यांनी. डुंगरपूर जिल्ह्यातील आदिवासी बायकांनीही मुंबईच्या आय.आय.टी.च्या साहाय्याने सौर दिवे जोडले आणि पुढे त्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या मुलामुलींना हातांनी काम करत शिकवावयाचे, ही त्यांची पद्धत. मला ती पटते. पुस्तक आधी आणि हात नंतर असे असते, तर आपल्यापैकी कोणालाच पुरणपोळी आली नसती.

आपल्या मंडळाकडे शिवणयंत्रे आहेत, तशी एक सोल्डरिंगची पाटी असावी, अशी माझी सूचना आहे. अध्यक्षबाईंनी खिडकीजवळचे कोपऱ्यातले टेबल द्यावयाचे कबूल केले आहे. दोन आयर्ने मी माझी आणीन. कामाच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर जोड तापत नाही, आणि खिडकी उघडी लागते. वैशाखात हे दुपारी होणार नाही, म्हणून सध्या सकाळी सात ते साडेआठ अशी वेळ ठरवू. पावसाळा लागल्यावर पुन्हा दुपारी आणता येईल. एका वेळी चौघीच. मुले बरोबर आणू नयेत. साडी सुती असावी, नायलॉनची नको, आणि पदर खोचलेला. केस बांधलेले. ज्यांना चाळिशीचा चष्मा आहे त्यांनी तो विसरू नये, आणि नसेल त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. बिघडलेला रिमोट किंवा सेलवरचे खेळणे ज्याच्या त्याच्या घरी निघेलच, ते सेल काढून पिशवीतून आणावे. नावे कार्यवाहबाईंकडे द्यावीत. पहिल्या चौघींत दोन नावे आली आहेत, दोन जागा रिकाम्या आहेत.